तीर्थाचे पाणी आणि आकड्यांचे रूप

आषाढी वारीतील एक लहानसा प्रसंग सांगून विषयास हात घालतो. दशमीची पहाट होती. चंद्रभागेच्या पायरीवर एक वृद्ध माउली नातवाचा हात धरून उभी होती. वीस दिवसांची वाट चालून आलेली ती बाई. मला पाहताच तिने विचारले, "बुवा, पाणी कसं हाय आज? पोराला बुडी मारू द्यावी का?" मी पाण्याकडे पाहिले. उजनीतून सोडलेले पाणी पात्रात खेळत होते, उगवतीचा उजेड त्यावर पडला होता. मी म्हणालो, "माउली, निवळ दिसतंय. घाला आंघोळ." माझ्या शब्दावर विसंबून तिने नातवाला पाण्यात उतरविले. त्याने बुडी मारली, ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून प्राशनही केले.

त्या रात्री कीर्तनास उभा राहिलो तेव्हा माझाच एक शब्द मला टोचू लागला. तो शब्द म्हणजे 'दिसतंय'. ज्या गोष्टीने लेकरू आजारी पडते ती गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही, हे ठाऊक असूनही मी डोळ्यांच्या साक्षीवर निकाल दिला होता. बरे, याहून चांगला निकाल देण्याचे साधन त्या घाटावर होते काय? नव्हते. नद्यांच्या पाण्याची तपासणी आपल्या देशात होते, तिचे आकडे तयार होतात, अहवाल छापले जातात. परंतु ज्याच्या देहाशी त्या आकड्यांचा संबंध, त्या यात्रिकाच्या डोळ्यांपुढे ते कधीच येत नाहीत. आकड्यांना रूप देऊन ते यात्रिकांपुढे कसे मांडावेत, हा प्रश्न म्हणूनच केवळ चित्रकारांचा नव्हे, तीर्थक्षेत्रांचाही आहे. आषाढीच्या निमित्ताने त्याचा थोडा ऊहापोह करावा असे योजिले आहे.

एक पाणी, दोन अहवाल

या प्रश्नाची निकड 2025 सालच्या प्रयागराज महाकुंभाने सर्वांच्या नजरेस आणून दिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारीच्या आरंभी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे जो अहवाल ठेवला, त्यात जानेवारीत निरनिराळ्या ठिकाणी घेतलेले पाण्याचे नमुने फीकल कोलिफॉर्मच्या बाबतीत स्नानयोग्यतेच्या कसोटीस उतरले नाहीत असे नमूद होते. फीकल कोलिफॉर्म म्हणजे माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत वसणारे जंतू. ते पाण्यात सापडले याचा अर्थ पाण्यात विष्ठा मिसळली आहे, आणि तिच्यासंगे पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ यांची बीजेही असू शकतात. स्नानाच्या पाण्यात हे जंतू दर 100 मिलिलिटरमागे 500 पर्यंत असावेत अशी अपेक्षा आहे, आणि 2500 ही त्यांची कमाल मर्यादा आहे.

अहवालाचा बोभाटा होताच 19 फेब्रुवारीस उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की संगमाचे पाणी स्नानासच नव्हे, आचमनासही योग्य आहे. महिन्याच्या अखेरीस मंडळाचा दुसरा अहवाल आला. 12 जानेवारी ते 22 फेब्रुवारी या काळातील आकड्यांचा सांख्यिकी हिशेब करून त्यात म्हटले होते की फीकल कोलिफॉर्मचा मध्यक 1400 आहे, म्हणजे मर्यादेच्या आत आहे, सबब पाणी स्नानास योग्य होते.

मध्यक म्हणजे सर्व आकडे चढत्या क्रमाने मांडले असता बरोबर मधोमध येणारा आकडा. गणिताच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही; नदीची सर्वसाधारण प्रकृती कळावयास त्याचा उपयोग आहेच. परंतु यात्रिक मध्यकात स्नान करीत नाही. तो एका दिवशी, एका घटकेला, एका घाटावर पाण्यात उतरतो. त्या घटकेला तेथील पाण्यात काय आहे एवढेच त्याच्या देहाला कळते. सहा आठवड्यांचा हिशेब मागाहून शुद्ध ठरल्याने मौनी अमावास्येला ओंजळ प्यालेल्या मनुष्याचे काही बरेवाईट बदलत नाही. हा वाद न्यायाधिकरणात झाला, विधानसभेत झाला, वृत्तपत्रांत झाला. ज्या घाटावर तो जन्मास आला त्या घाटावरील यात्रिकास मात्र त्याचा पत्ता नव्हता. आकडे कोट्यवधी लोकांविषयी होते आणि त्या कोट्यवधींस मुके होते.

पूर्वरंग आणि उत्तररंग

आकडे मुके का राहतात, हे कीर्तनकारास निराळे सांगावयास नको. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात सिद्धांत मांडावयाचा आणि उत्तररंगात आख्यानाच्या द्वारे तोच सिद्धांत श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभा करावयाचा. नुसत्या पूर्वरंगावर भर दिला की मागच्या रांगा पेंगू लागतात; नुसता उत्तररंग रंगविला तर लोक हसून-रडून घरी जातात आणि कशासाठी हसलो-रडलो हे विसरतात. नारदाच्या गादीवर अनेक वर्षे उभा राहून मला एवढेच कळले आहे की आख्यान सिद्धांतातूनच उगवले पाहिजे. प्रयोगशाळेचा आकडा हा पूर्वरंग होय. त्याला दिलेले दृश्यरूप हा उत्तररंग होय. त्या दोहोंचा सांधा जुळला आहे की नाही, हीच अशा कलेची खरी परीक्षा.

या कसोटीवर आजवरचे काही प्रयोग घासून पाहू. 1854 साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी नकाशावर प्रत्येक मृत्यूसाठी त्या त्या घरापाशी एक काळी रेघ काढली. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवती त्या रेघांचा गठ्ठा झालेला दिसला, आणि विष हवेत नसून पाण्यात आहे हे पटविण्यास तो नकाशा उपयोगी पडला. त्याच एकोणिसाव्या शतकात आपल्या पंढरीच्या यात्रेतही पटकी वारंवार येत असे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या रेघा आपल्याला परक्या वाटत नाहीत.

अलीकडील काळात हे काम चित्रकारांनी रस्त्यावर आणले. अँड्रिया पोली यांनी 2010 साली अमेरिकेतील सॅन होजे शहरी एका इमारतीच्या भिंतीवर प्रकाशाचा निळा धबधबा पाडला. जवळच हवेतील बारीक धूलिकण मोजणारे यंत्र ठेविले होते. हवा स्वच्छ असली की धबधबा शांत निळा. धूलिकण वाढले की त्यात तेजस्वी ठिपके उसळत आणि पाण्याला जणू आग लागे. शेजारून धूर सोडणारी गाडी गेली की भिंतीवर त्याची साक्ष उमटे. वाटसरूस एक अक्षरही वाचावे लागत नसे.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला आहे. 2018 साली दिल्लीत आणि 2020 च्या जानेवारीत नवी मुंबईतील खारघर येथे, हवा गाळणाऱ्या शुभ्र पडद्यांची प्रचंड फुप्फुसे रस्त्याच्या कडेला उभारण्यात आली. मागे पंखे बसवून त्यांतून हवा ओढली जात होती, माणूस श्वास घेतो तशी. खारघरची ती फुप्फुसे दोन आठवडे उलटण्यापूर्वीच काळी पडली. जाणारा-येणारा क्षणभर थबकून आपल्या छातीवर हात ठेवील असेच ते दृश्य होते.

तथापि येथे एक शंका घेणे प्राप्त आहे. शुभ्र पडद्यातून दिवसरात्र हवा ओढली तर तो आज ना उद्या काळवंडणारच. किती काळवंडला म्हणजे हवा किती वाईट, याचे माप त्या फुप्फुसांत नव्हते. लोक हळहळले, ते योग्यच. पण हळहळीला परिमाण नसेल तर उलट बाजूच्या माणसाला 'हा नुसता देखावा आहे' असे म्हणावयास जागा राहते. हा उत्तररंग बलवान खरा, पण त्याचा पूर्वरंगाशी सांधा थोडा ढिला राहिला.

तो सांधा नीट जुळलेला मला दिसतो तो चित्रकार रॉबिन प्राइस आणि बर्मिंगहॅम विद्यापीठातील शास्त्रज्ञ फ्रान्सिस पोप यांच्या कामात. त्यांनी दिव्यांची एक काठी तयार केली. अडीच मायक्रॉनहून बारीक असे, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाहूनही लहान धूलिकण मोजणारे यंत्र तिला जोडलेले. कण जितके अधिक तितके दिवे अधिक लुकलुकणार. अंधारात ती काठी हलवीत चालावयाचे आणि छायाचित्रयंत्राचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावयाचा. छायाचित्रात हवेत लोंबकळणारे प्रकाशाचे ठिपके उमटतात. जेथे ठिपक्यांची दाटी, तेथे धुळीची दाटी. भारतात त्यांनी मुलांच्या दोन क्रीडांगणांची छायाचित्रे घेतली, एक दिल्लीचे आणि दुसरे हिमाचलातील पालमपूरचे. पालमपूरच्या मानाने दिल्लीच्या क्रीडांगणात हे कण साडेबारा पट निघाले. एकीकडे तुरळक ठिपके आणि दुसरीकडे तेजाचे दाट वादळ! येथे चित्र म्हणजेच मोजमाप आणि मोजमाप म्हणजेच चित्र. शिवाय तुलना शेजारीच ठेवलेली असल्याने पाहणाऱ्यास कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

संस्कृतात 'चित्र' या शब्दाचा अर्थ आलेख्य असा आहे तसाच आश्चर्य असाही आहे. चित्राने आश्चर्य उत्पन्न केलेच पाहिजे. परंतु ज्याचे आश्चर्य वाटले ते खरे असले पाहिजे, एवढीच अट.

पवित्र आणि स्वच्छ

आता पुन्हा आपल्या वाळवंटात येऊ. येथे कोणी म्हणेल, तीर्थाच्या पाण्याची अशी जाहीर परीक्षा मांडणे हा श्रद्धेचा अवमान नव्हे काय? मला तसे वाटत नाही. पावित्र्य आणि स्वच्छता या दोन निराळ्या कोटी आहेत. पावित्र्य हे तीर्थाचे माहात्म्य आहे, ते कोणत्याही प्रयोगशाळेत मोजले जात नाही आणि कोणत्याही अहवालाने कमी होत नाही. स्वच्छता ही माणसांची जबाबदारी आहे, आणि ती मोजता येते. आपल्या शास्त्रकारांनी या दोहोंची गल्लत केलेली नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र व थुंकी टाकण्यास स्पष्ट मनाई आहे. सहाव्या अध्यायात संन्याशाला पाणी वस्त्राने गाळून पिण्याचा नियम घातला आहे. पाणी मुळातच बिघडू शकत नाही अशी त्यांची समजूत असती तर हे नियम त्यांनी घातले नसते. फरक इतकाच की त्या काळी दोष डोळ्यांनी हेरावयाचा आणि वस्त्राने गाळावयाचा; आजचा दोष डोळ्यांना चकवितो आणि वस्त्रातून निसटतो.

किंबहुना डोळे कधी कधी उलटीच साक्ष देतात. आळंदीस इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगू लागला की सर्व महाराष्ट्र हळहळतो, कारण तो फेस दिसतो. नदीने स्वतःच काढलेले ते चित्र आहे! पण फेस ओसरला म्हणजे पाणी शुद्ध झाले असे नव्हे. ज्या इंद्रायणीच्या काठाहून ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या निघतात, तिचे पाणी तुळापुरास भीमेला मिळते. पुण्याचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठाही पुढे भीमेतच येते. भीमा उजनीच्या जलाशयात विसावते आणि तेथून पंढरीस येऊन चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून चंद्रभागा म्हणवते. वारकरी पायी चालत येतो आणि शहरांनी नदीत सोडलेले सारे नदीच्या वाटेने त्याच पंढरीला येते. नदीच्या शुद्धीसाठी 2016 साली राज्य शासनाने 'नमामि चंद्रभागा' ही योजना जाहीर केली. अशा योजनांचे यश मोजावयाचे ते खर्चाच्या रकान्यात नव्हे, तर घाटावरच्या पाण्यात. आणि ते माप घाटावर उभ्या असलेल्या माणसास दिसले पाहिजे.

दीपमाळेची भाषा

ते दिसावे कसे? हवेसाठी 2014 साली केंद्र सरकारने एक आकडा, एक रंग, एक वर्णन अशी सुटसुटीत पद्धत जाहीर केली. हिरव्यापासून गडद तांबड्यापर्यंत सहा रंग. ते शहरी नोकरदारास कळतात. परंतु आपल्या यात्रिकाच्या मनात रंगांना आधीच अर्थ आहेत. तांबडा म्हणजे कुंकू, हिरवा म्हणजे चुडा. घाटावर तांबडा दिवा लागला तर माझ्या त्या माउलीने त्याला हात जोडले असते! चित्राची भाषा पाहणाऱ्याच्या घरातून घ्यावी लागते.

महाराष्ट्रातील देवळांपुढे दीपमाळ असते. सगळे दिवे उजळले म्हणजे मंगल आणि दिवा मालवला म्हणजे काही तरी उणे आहे, हे खेड्यातील पोरालाही कळते. घाटाघाटावर पाच थरांची दीपमाळ का उभारू नये? पाण्यातील जंतू 500 च्या आत असतील तर पाचही थर उजळावेत, 2500 च्या पलीकडे गेले तर एकही दिवा नसावा. मधल्या पायऱ्या तज्ज्ञांनी ठरवाव्यात. खाली फळ्यावर तो आकडा, घाटाचे नाव आणि नमुना घेतल्याचा वार व वेळ लिहावी. हे शेवटचे फार महत्त्वाचे. जंतूंची ही परीक्षा घटकाभरात होत नाही. ते प्रयोगशाळेत वाढवून पाहावे लागतात, त्यास एक ते तीन दिवस लागतात. दीपमाळ परवाचे पाणी सांगत असेल तर 'परवाचे' असे तिने प्रामाणिकपणे सांगावे. परीक्षाच झाली नसेल त्या दिवशी दीपमाळ सरळ झाकून ठेवावी. झाकलेली दीपमाळ पाहून लोक चार प्रश्न विचारतील, आणि ते विचारले जाणे हेही कार्यच आहे.

दुसरे असे की नुसते चित्र टांगून भागत नाही. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत चित्रांची पोथी असते, आणि एकेक पान उघडून तिची कथा सांगणारा कलावंतही असतो. 2021 साली पद्मश्रीने गौरविलेले परशुराम गंगावणे यांनी ही परंपरा जपली आहे. सांगणाऱ्यावाचून चित्र पुष्कळदा शोभेचे होऊन बसते. वारीत शेकडो फडांची कीर्तने होतात. आपल्या मुक्कामी आज कोणते पाणी प्यावे आणि कोणते पिऊ नये, हे कीर्तनकाराने दोन वाक्यांत सांगितले तर कीर्तनाचा भंग होत नाही. गाडगेबाबा आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनास उभे राहत. हातातील खराटा हेच त्यांचे चित्र होते; त्यास वेगळा अर्थ लावावा लागत नसे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चित्राने माणसाच्या हाती काही तरी करण्यासारखे ठेविले पाहिजे. 2008 सालच्या फेब्रुवारीत फिनलंडच्या हेलसिंकी शहरी 'हेहे' या कलावंतद्वयाने वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघणाऱ्या वाफेवर हिरव्या किरणांनी ढगाची आकृती काढली. भोवतालच्या वस्तीत विजेचा वापर घटे तसतसा तो हिरवा ढग मोठा होई. प्रत्येक घराला वाटे, मी दिवा मालवला म्हणून आकाशातला ढग वाढला. आपल्या दीपमाळेखालीही यात्रिकाला पर्याय हवा: शुद्ध पाण्याचे नळ, स्नानाचे फवारे, पुरेशी शौचालये. 'पाणी वाईट आहे' एवढेच सांगून वीस दिवस चाललेल्या माणसास तसेच उभे ठेवणे हे क्रौर्य होय. देहाने नळाखाली स्नान करावे, चंद्रभागेचे पाणी मस्तकी प्रोक्षण करून घ्यावे आणि ते मुखात मात्र घेऊ नये, असे सांगितले तर वारकरी ऐकतो. त्याला कारण दिसले पाहिजे, एवढेच त्याचे मागणे असते.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. घाटांच्या भिंतींवर कमळे, हंस आणि 'नदी स्वच्छ ठेवा' अशी वाक्ये रंगविण्याची प्रथा पडली आहे. ती सुंदर दिसते. पण तिच्यात आजच्या पाण्याचा एकही आकडा नसतो, आणि सारी आज्ञा यात्रिकाला असते. निर्माल्य टाकणारा यात्रिक दोषी आहेच, परंतु शहराचे सांडपाणी प्रक्रियेवाचून नदीत जाते त्याचा भार यात्रिकाच्या माथी मारता येणार नाही. दीपमाळेचे दिवे नदी बिघडविणाऱ्यांच्या हाती असता कामा नयेत. नमुना कोणी घेतला, कोणी तपासला, हे उघड असावे आणि गावच्या शाळा-महाविद्यालयांनाही तो पडताळता यावा. नाहीतर सर्व दिवे बारमाही तेवत राहतील आणि दीपमाळही त्या रंगविलेल्या भिंतींच्या पंगतीस जाऊन बसेल.

2026-27 चा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ महाराष्ट्राचा आहे. प्रयागराजी जो वाद स्नाने उरकत आल्यावर न्यायाधिकरणात झाला, त्याचे उत्तर येथे स्नानापूर्वी घाटावर देता येईल. खर्चाच्या मानाने ही बाब क्षुल्लक आहे; लागते ते धैर्य. दिवे मालवलेली दीपमाळ लाखो लोकांस दाखविण्याचे धैर्य ज्या शासनाला होईल, तेच शासन ते पुन्हा उजळावेत म्हणून वरच्या शहरांतील नाले अडविण्याच्या कामी खऱ्या अर्थाने लागेल. लाज डोळ्यांपुढे उभी राहिल्यावाचून माणूस हलत नाही, आणि शासन हेही अखेर माणसांचेच असते.

त्या माउलीची आणि माझी पुन्हा गाठ पडलेली नाही. पडली, आणि तिने तोच प्रश्न विचारला, तर 'दिसतंय' हा शब्द मी उच्चारणार नाही. आज मजजवळ दुसरे उत्तरही नाही. ज्या आषाढीला तिला मला विचारावेच लागणार नाही, पायरीवर उभी राहून ती स्वतःच दिवे मोजील आणि नातवाला नदीत उतरवावे की नळाखाली न्यावे हे ठरवील, ती आषाढी पाहण्याची इच्छा आहे. पांडुरंगाने ती पुरवावी. आणि आपण सर्वांनी ती केवळ पांडुरंगावर सोपवू नये.